मार्लिसच्या खुर्च्या आणि शेरीफचा हात

मार्लिसनं जेवणाच्या खुर्चीवरच्या नव्या ओरखड्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"डेलमार, ही ओकची खुर्ची माझ्या आईची आहे. ते कमरेचं लचांड काढ, नाहीतर उभ्यानं जेव."

"अगं, पिस्तुलाचं होल्स्टर काढायचं म्हणजे अख्खा पट्टा सोडावा लागतो. बेड्या, टॉर्च, वायरलेस, सगळं."

"मग उभ्यानं जेव. घोडे जेवतातच की."

डेलमार व्हॉस नेब्रास्कातल्या एका आडगावच्या काउंटीत शेरीफचा डेप्युटी होता. चोरांना तो भीत नसे. भीत असे ती दोघांना. एक मार्लिस आणि दुसरे शेरीफ नॉर्बर्ट कोझल.

शेरीफना एक खोड होती. मागून मांजरीच्या पावलांनी यायचं आणि डेप्युटीच्या होल्स्टरमधलं पिस्तूल हिसकावायचं. वर्षातून एकदा याची रीतसर परीक्षा होई. त्या दिवशी सगळे खऱ्याऐवजी निळ्या प्लास्टिकचं नकली पिस्तूल लावत. गेल्या वर्षी डेलमारच्या दोन्ही हातांत जर्दाळूचा मुरंबा भरलेले कोलाची पाव होते. शेरीफ पिस्तूल घेऊन गेले, ते डेलमारला बोटं चाटून झाल्यावर कळलं.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. कोर्टातला म्हातारा बंदोबस्तवाला निवृत्त होऊन ॲरिझोनाला चालला होता. त्याची जागा म्हणजे हीटर, गादीची खुर्ची आणि चार भिंती. खडीच्या रस्त्यांवर गाडी हाकून कंबरेचा खुळखुळा झालेल्या डेलमारला ती स्वर्गासारखी वाटे. पण शेरीफनी बजावलं होतं, "ज्याचं पिस्तूल हिसकावता येत नाही, तोच कोर्टात बसेल."

म्हणजे बायकोसाठी चटकन निघणारं आणि शेरीफसाठी मुळीच न निघणारं होल्स्टर हवं होतं. डेलमारनं खटक्याची पट्टी मागवली. पट्टीचा एक भाग पट्ट्यावर, दुसरा होल्स्टरवर. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान दाबले की होल्स्टर पिस्तुलासकट अलगद हातात.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये बसला. सरकारी होल्स्टरला परवानगीशिवाय हात लावायचा नाही हा नियम त्याला ठाऊक होता, म्हणून त्यानं दार लावून घेतलं. मापासाठी नकली पिस्तूल आत बसवलं. पट्टीची भोकं होल्स्टरच्या भोकांशी जुळेनात, म्हणून नवी पाडली. मग पट्टीचा एक कान होल्स्टरवरच्या पिस्तूल सोडायच्या खटक्याला घासू लागला, म्हणून तो कानशीनं जरा तासला. जरासा जास्तच तासला गेला. शेवटी स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून डिंक लावायचा होता. फळीवर दोन बाटल्या होत्या. निळा डिंक पुन्हा सुटतो, लाल सुटत नाही.

"निळा लावतात शिलाई मशीनला," डेलमार स्वतःशी म्हणाला आणि त्यानं लाल सढळ हातानं ओतला. तो ओघळत ओघळत पिस्तूल सोडायच्या खटक्यात शिरला.

सकाळी खटका दबेना. पिस्तूल हलेना. बाथरूममधून हेअर ड्रायरचा आवाज येऊ लागला तशी मार्लिस दारात आली.

"केस कुठायत तुला?"

"गरम केलं की डिंक सुटतो."

"आणि प्लास्टिक?"

डेलमारनं यावर विचार केला नव्हता. पण ड्रायरनंच प्रश्न सोडवला. एक ठिणगी, थोडा धूर, आणि तो कायमचा गप्प झाला.

परीक्षेला जाण्याखेरीज इलाज नव्हता. कार्यालयामागच्या आवारात सगळे रांगेत उभे राहिले. शेरीफनी पटापट पिस्तुलं उपसली, जणू गाजरं. मग ते डेलमारच्या मागे आले आणि त्यांनी हिसका दिला. काही झालं नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. डेलमार टाचांवरून चवड्यांवर गेला, पँट काखेकडे निघाली, पण पिस्तूल जागचं हललं नाही.

"शाब्बास!" शेरीफ धापा टाकत म्हणाले. "याला म्हणतात पकड! बघा रे, शिका काहीतरी!"

डेलमारला हीटरची ऊब आत्ताच जाणवू लागली.

"आता तू स्वतः काढून दाखव."

ऊब गेली. डेलमारनं मूठ आवळली, डोळे मिटले आणि सगळा जोर लावला. तासलेला कान कट्‌कन मोडला. डोळे उघडले तेव्हा तो समोरच्या पुठ्ठ्याच्या दरोडेखोरावर नेम धरून उभा होता. हातात पिस्तूल होतं, पिस्तुलावर अख्खं होल्स्टर होतं.

"त्याला शरण यायला सांग," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नाहीतर म्यान फेकून मारशील."

आवारभर हशा पिकला. शेरीफ हसले नाहीत. त्यांनी बोटानं खूण केली. "आत ये."

खोलीत त्यांनी दार लावलं, पडदे ओढले आणि होल्स्टर टेबलावर ठेवलं.

"परवानगी घेतली होतीस?"

"नाही, साहेब."

"कशासाठी केलंस हे?"

खोटं सुचेना. "साहेब, मार्लिसच्या खुर्च्यांना ओरखडे पडतात. ती मला उभ्यानं जेवायला लावते."

शेरीफनी मोडलेल्या कानावरून अंगठा फिरवला. मग आवाज खाली आणत म्हणाले, "माझ्या बायकोनं, आर्लीननं, पांढऱ्या चामड्याचा सोफा घेतलाय. फुटबॉलचा हंगाम सुरू झाल्यापासून मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून सामने बघतोय."

अशा वेळी बोलू नये एवढं डेलमारला लग्नानं शिकवलं होतं.

शेरीफनी स्वतःचा पट्टा सोडला, पिस्तूल काढून कपाटात ठेवलं आणि रिकामं होल्स्टर डेलमारकडे सरकवलं. "परवानगी दिली म्हणून समज. चटकन निघालं पाहिजे. आणि पिस्तूल बाहेरही आलं पाहिजे. कोर्टाच्या जागेचं मी सोमवारी ठरवणार आहे. सामना शनिवारी आहे."

डेलमारनं होल्स्टर काखोटीला मारलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याची कंबर ताठ झाली.

"होईल, साहेब. फक्त एक हेअर ड्रायर लागेल. आर्लीनबाईंचा चालेल."