सोयरिकीची कॉफी

गुडीहत्नूरच्या आमच्या घरात कॉफी आली ती निव्वळ माझ्या हुशारीनं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून तुमचा तसा समज होईलच याची मला खात्री नाही.

त्या वर्षी, छप्पन साली, सरकारनं राज्यांची नवी वाटणी केली. आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि त्यातलाच किनवट तालुका तोडून मुंबई राज्याला दिला. मला कोणी विचारलं नव्हतं आणि माझी काही तक्रारही नव्हती. पण नेमकी किनवट तालुक्यातल्याच एका मुलीशी माझ्या सोयरिकीची बोलणी चालू होती. दसऱ्याला जी मुलगी शेजारच्या तालुक्यात होती, ती दिवाळीला एकदम परराज्यात गेली. आणि ती जागची हललीसुद्धा नव्हती!

मुलीचं नाव रुख्मिणी. तिला मी पाहिलं होतं. म्हणजे तिचे पाय पाहिले होते, कारण मान वर करायचा मला धीर झाला नाही. पाय मला पसंत पडले. तिनंही मला पसंत केल्याचं कळलं. (तिला माझं काय दिसलं असेल? बहुतेक टोपी.) आता फक्त तिच्या वडिलांचा, यशवंतरावांचा, होकार यायचा होता. तेवढ्यात ही वाटणी झाली आणि होकार सीमेपलीकडं अडकला.

एक दिवस रुख्मिणीचे मामा भगवंतराव आमच्या किराणा दुकानात आले. ते आदिलाबादच्या कचेरीत कारकून. सोयरीक त्यांनीच काढलेली.

"उद्धव, लेका, काम अडलं," फळीवर टेकत ते म्हणाले. "आमचे भाऊजी म्हणतात, तिकडं आता समदं तेलगू होईन. पोरगा लाजाळू. शाळा चौथीपर्यंत, ते बी उर्दू. नव्या राज्यात याचा निभाव लागन का? पोरगी देऊन फसलो तं?"

"मंग म्या काय करू?"

"पुढच्या बाजाराच्या दिवशी ते घर पाहाले येऊन राह्यले. नव्या राज्याची रीत तुले समजते, हे दाखव ना! कचेरीत आता गुंटूर-बेजवाड्याकडचे साहेब आले. चहाले हात लावत नाईत. सकाळी कॉफी, दुपारी कॉफी. ज्याले कॉफी समजली, त्याचंच आता पुढं होणार."

"तुमी पेता?"

"म्या?" मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आता त्याच्याबिगर आपली फाईलच उघडत नाई."

मी तिथल्या तिथं ठरवलं. पाहुण्यांना कॉफी द्यायची. आणि द्यायची तर उगीच कोणाकडून पूड मागून आणून नाही, घरी बी भाजून, घरी दळून, साहेबाघरच्या भांड्यात करून द्यायची. शाळा लवकर सुटलेल्या माणसाचा एक गुण असतो: आपल्याला काय येत नाही याची त्याला यादी दिलेली नसते.

आदिलाबादला मोटारस्टँडजवळ सुब्बय्या नावाच्या माणसाचं नवं हॉटेल निघालं होतं. तो मद्रासेकडून कॉफीचं सामान आणून साहेब लोकांना विकायचा. त्यानं माझ्यापुढं दोन यंत्रं ठेवली. एक लाकडी पेटीचं, खाली खण असलेलं, गुडघ्यात धरून फिरवायचं. दुसरं ओतीव लोखंडाचं, लांब दांड्याचं, खाली पकड असलेलं. मी दोन्ही उचलून पाहिली. लाकडी यंत्र अगदीच हलकं. आमच्याकडं बाजारात फाळ असो की कुऱ्हाड, वजनावर निवडतात. मी लोखंडी निवडलं.

"टेबल है घर में?" सुब्बय्यानं विचारलं. "इसको टेबल को कसना पडता."

आता नव्या राज्यात पहिल्याच दिवशी खाली मान कोण घालणार?

"है," मी म्हणालो. (टेबल होतं, पण शाळेत आणि पोलीस चौकीत. दोन्हीकडं जाणं मी लहानपणापासून टाळत आलो होतो.)

मग त्यानं पितळेचं भांडं दाखवलं. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या बुडाला बारीक बारीक भोकं. "ऊपर पूड डालो, गरम पानी डालो, और छोड दो. अपने आप नीचे आता."

'अपने आप' हा शब्द मला फार आवडला. सोयरीकसुद्धा अशीच व्हावी, अशी माझी इच्छा होती.

घरी सामान मांडलं. माझे बाबा चंपतराव लोखंडी यंत्राकडं बराच वेळ पाहत राहिले. "याच्यातून शेवया निंगतात का?" एवढंच त्यांनी विचारलं. पण मायचं, म्हणजे बयनाबाईचं, लक्ष पितळेच्या भांड्याकडं गेलं.

"याले कल्हई कोठं हाये?"

"लागत नाई, माय."

"काऊन लागत नाई? बिनकल्हईच्या पितळात कोणी पेते का? कळकन समदं! सोयरे ओकाऱ्या करत गावाकडं जातीन, मंग कर लगन!"

यात चूक काही नव्हती. आमच्याकडं पितळेचं भांडं बाजारातून आधी कल्हईवाल्याकडं जातं आणि मगच चुलीपाशी येतं. मी स्वतः ते मस्तानभाईकडं नेलं. चांगलं समजावून सांगितलं, "नाजूक काम है, कॉफी का बर्तन है, सोयरे आनेवाले हैं."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मस्तानभाईनं भांडं आणून दिलं. आतून-बाहेरून चांदीसारखं चमकत होतं.

"बर्तन बहुत खराब दिया था तुमको, भाई," तो म्हणाला. "नीचे से पूरा सडा हुआ. पर मैंने ऐसा पक्का किया, अब एक बूँद नहीं टपकेगी!"

मी त्याला मनापासून दुवा दिली. चांगलं काम झालं की आमच्या घरात उगीच खोलात जायची रीत नाही.

दुपारी मोटारीनं यशवंतराव, त्यांच्या पत्नी आशाबाई आणि मामा उतरले. घराचा पुढचा भाग म्हणजेच आमचं दुकान. तिथं बाबांनी सतरंजी टाकली. आशाबाईंना माय मागच्या दारानं वांग्याची वाडी दाखवायला घेऊन गेली. मी उरलेल्या दोघांना नमस्कार केला, दोघांचेही पाय पाहिले आणि स्वयंपाकघरात शिरलो. एरवी पुरुष माणूस चुलीपाशी गेला तर आमच्याकडं हसतात. पण एक तर कॉफीची रीत दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती, आणि दुसरं म्हणजे बाहेर बसून यशवंतरावांशी बोलण्यापेक्षा मी विहिरीतसुद्धा उतरलो असतो.

बी तव्यावर भाजलं. थोडं जास्त भाजलं गेलं. बाहेरून बाबांचा आवाज आला, "उद्ध्या, चूल पेटली का घर पेटलं?"

"वास असाच येते," मामांनी सांभाळून घेतलं.

मग यंत्र. आदल्या दिवशी मी ते दुकानाच्या फळीला कसून पाहिलं होतं, आणि फळीनं ते छान धरलं होतं. पण आज फळीला पाठ टेकून यशवंतराव बसले होते. होणाऱ्या सासऱ्याच्या मानेमागं लोखंडी दांडा फिरवणं मला बरं वाटेना. म्हणून मी ते खाटेला कसलं. दांडा एक फेरा फिरला की खाट एक वीत सरके. मी खाटेवर बसलो, तर ती मला घेऊन चालू लागली. चूल एका भिंतीला होती. थोड्या वेळानं मी दुसऱ्या भिंतीला होतो, आणि बी अजून अख्खंच होतं.

कोपऱ्यात मायचं जातं होतं.

मी दार लोटलं. टोपी नीट केली. एक पाय लांब करून बसलो, जात्याच्या तोंडात बी टाकलं आणि ओढू लागलो. घुर्रर्र करून जातं फिरलं. काळी पूड पाळीवर पडू लागली. एवढं जमेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी रंगात येऊन दोन्ही हात लावले.

"कोण दळून राह्यलं बाई एवढ्या दुपारी?"

मागच्या दारात आशाबाई उभ्या. मी मान खाली घातली. ती आधीच खाली होती, ती आणखी घातली.

"म्या."

"म्या कोण?"

"नवरदेव," माझ्या तोंडून निघून गेलं. आणि सोयरीक अजून ठरायची आहे हे आठवून मी जीभ चावली.

आशाबाईंनी जात्याकडं पाहिलं, मग माझ्या टोपीकडं. मला वाटलं, संपलं. किनवट तालुका आता आणखी दूर गेला.

"रोज दळता का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं तर माय मागूनच येत होती. खरं बोलावं तर आज काय झालं म्हणून दळतोय, हे सांगावं लागलं असतं. मी आणखी एक मूठ बी टाकलं. आशाबाई "हं" म्हणाल्या आणि तिथंच पाटावर बसल्या. निरखून बघत.

मी पूड वरच्या डब्यात भरली, आधणाचं पाणी ओतलं आणि सुब्बय्यानं सांगितल्याप्रमाणं सोडून दिलं. मी वाट पाहिली. आशाबाईंनी वाट पाहिली. माय आली, तिनंही पाहिली. खालचा डबा उघडला. कोरडा ठणठणीत. पुन्हा झाकला. थोपटला. हलवला. एक थेंब नाही. मस्तानभाईनं शब्द अगदी पाळला होता.

बाहेर यशवंतरावांचा आवाज चढला. "चंपतराव, आमची शेवटची मोटार आज हाये का उद्या?"

"भाऊजी, कॉफी हे घाईचं काम नोहे," मामा म्हणाले. "साहेबाच्या घरी तं बसून बसून लोकाईच्या तारखा उलटून जातात."

आता भोकं उघडण्याखेरीज इलाज नव्हता, आणि भोकं पाडायची वस्तू बाहेर दुकानात होती. मी मान खाली घालून बाहेर गेलो आणि पाहुण्यांच्या मधून हात घालून खुंटीवरची दाभण काढली. धान्याची पोती शिवायची, चांगली वीतभर.

"दाभण कायले?" यशवंतरावांनी विचारलं.

"कॉफीले," मी म्हणालो.

यशवंतरावांनी मामांकडं पाहिलं. मामांची मिशी जरा थरथरली, पण माणूस कचेरीतला. "लागते," ते म्हणाले.

मी वरचा डबा उचलला आणि उलटा न करताच खालून दाभण खुपसली. (उलटं केलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. न केल्यावर काय झालं, ते माहीत आहे.) कल्हई फुटली आणि गरम काळी धार थेट माझ्या नव्या सदऱ्यात शिरली. मी ओरडलो नाही. नवरदेव ओरडत नसतो. मी फक्त खाली बसलो, पुन्हा उठलो आणि पुन्हा बसलो. उरलेलं सगळं मी मायच्या धुतलेल्या फडक्यातून गाळलं, दूध-गूळ घालून चुलीवर चढवलं आणि ढवळत राहिलो.

ढवळता ढवळता पळी जड होऊ लागली. तेव्हा मला आठवलं की त्याच सकाळी मायनं त्याच जात्यावर ज्वारी दळली होती. पीठ मी झाडलं नव्हतं, आणि फडकंही जुनं, विरलेलं. उकळी आली तेव्हा पातेल्यात जे होतं ते ओतायचं की वाढायचं, हे ठरवावं लागलं. मी वाढलं. वाट्यांतून.

यशवंतरावांनी वाटी तिरपी केली. काही आलं नाही. आणखी तिरपी केली. मग त्यांनी बोट लावून चाटलं.

"भगवंता, कॉफी अशी असते?"

सगळे मामांकडं पाहू लागले. मामांनी एक बोट चाटलं, डोळे मिटले, उघडले.

"हेच खरी," ते म्हणाले. "साहेबाकडं पातळ देतात. कंजूष लोक."

यशवंतराव विचारात पडले. मग आत वळून म्हणाले, "बयनाबाई, भाकर हाये का जी एखादी?"

भाकर आली. यशवंतरावांनी कॉफी भाकरीशी खाल्ली, वाटी पुसून घेतली आणि आणखी मागितली. हात धुऊन झाल्यावर त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. आशाबाई चौकटीत उभ्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणाल्या, आणि मधे मधे हात गोल फिरवून दाखवत होत्या.

"चंपतराव," यशवंतराव म्हणाले, "राज्य कोणतं बी राहो. पोरगी दिली आमी. नारळ फोडा."

"म्या म्हणलं नवतं?" मामा माझ्या छातीवर थाप मारून म्हणाले. नेमकी तिथंच मला भाजलं होतं.

त्या दिवसापासून लग्नापर्यंत मी गावात छाती काढून फिरलो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो की नव्या राज्यात निभाव लागायचा तर कॉफी आली पाहिजे, मला आली, पाव्हणे खूश झाले. सासरे जावयाला घड्याळ देणार अशीही बातमी मामांनी आणली. निदान काहीतरी खास देणार आहेत, एवढं नक्की होतं.

वैशाखात किनवटकडं लग्न लागलं. मांडवात आंदण मांडलं. तांब्याचा हंडा, पितळी परात, घागर, तांबे. रिवाजाप्रमाणं प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं: रुख्मिणी. मी कडेनं घड्याळ शोधत होतो. तेवढ्यात आशाबाईंनी चार माणसांकडून कापडानं झाकलेलं काहीतरी माझ्यापुढं आणवून ठेवलं.

"हे खास जावयाले," त्या साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "दळणारा नवरा म्या पाह्यला माह्या डोळ्यानं. पोरीनं नशीब काढलं! असा नवरा असला तं राज्य कोणतं बी असो."

बायकांमध्ये खसखस पिकली. रुख्मिणीनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. मी कापड काढलं.

नवं कोरं जातं होतं. पाथरवटाकडून त्याच्यावर ठसठशीत नाव कोरून घेतलेलं. हे नाव रुख्मिणीचं नव्हतं. तिथं लिहिलं होतं 'उद्धवराव'.

जन्मापासून मी साऱ्या गावाला उद्ध्या. माझ्या नावापुढं 'राव' लागलं ते पहिल्यांदा तिथं, आणि अजून तरी दुसरीकडं कुठं लागलेलं नाही.