बावीस आजोबांचा भाट

एका वाळवंटात एक टोळी राहत होती. राहत होती म्हणजे, बाळांनो, खरं तर फिरत होती. पाऊस पडल्याची बातमी येईल तिकडे उंट, शेळ्या आणि तंबू घेऊन निघायचं. घर नाही, शेत नाही. मग माणसानं अभिमान धरायचा कशाचा? आजोबांचा.

त्या टोळीत एक भाट होता. लोकांच्या वंशावळी पाठ करायच्या आणि लग्नात म्हणून दाखवायच्या, हे त्याचं काम. स्वतःचे तर त्याला बावीस आजोबा तोंडपाठ होते. त्यातला बाविसावा इतका थोर होता, की त्याच्याविषयी कुणालाच काही माहीत नव्हतं.

तो भाट म्हणजे मी. माझं नाव हिझाम. हसू नका.

मी चुलतबहिणीशी लग्न केलं. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं. थोरली मुलगी मुनीरा मी माझ्या भावाच्या घरी दिली. तिचा मुलगा गानिम तीन वर्षांचा. खेळायला निघाला, की दहा पावलांत खाली बसायचा. त्याला दर महिन्याला शहरात नेऊन रक्त चढवावं लागे.

धाकटी वाधा. तिलाही भावाच्याच दुसऱ्या मुलाला द्यायचं ठरलं होतं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला धाहीशी लग्न करायचंय."

धाही हा सुवैद लोहाराचा मुलगा. आमच्या किटल्या आणि सुऱ्या दुरुस्त करत ते घर टोळीच्या मागून चाले. सुवैदला आजोबा ठाऊक होते फक्त चार.

"चार आजोबांच्या घरात मुलगी देऊ?" मी म्हणालो. "उरलेले अठरा कुठून आणायचे?"

"ताईचं लेकरू रोज बघता ना तुम्ही?"

मी बघत होतो. पण मी वंशावळही म्हणत होतो, आणि माझ्याच्यानं एका वेळी एकच काम नीट होतं.

त्या हिवाळ्यात शहरातून नवाल नावाची डॉक्टरीणबाई जीपमधून आली. तिला टोळीच्या रक्ताचा इतिहास शोधायचा होता. थुंकायला तिनं नळ्या दिल्या. सगळ्यांत आधी मी थुंकलो, आणि भरपूर थुंकलो. बावीस जणांचा पुरावा जायचा होता.

काही महिन्यांनी ती प्रत्येकाचा कागद घेऊन परत आली.

"आजोबा सापडले?" मी विचारलं.

"सापडले. पण फिरून फिरून तेच ते." ती मला समजेल असं सावकाश सांगू लागली. "तुमच्या घराण्यात एक जुना दोष आहे. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मूल ठीक राहतं. दोघांकडूनही आला, तर गानिमसारखं होऊ शकतं. वाधानं आणि तिच्याशी ठरलेल्या तुमच्या पुतण्यानं आपले कागद तुम्हाला सांगायला हरकत नाही म्हटलंय. दोघांतही तो आहे."

"आणि आमचं शुद्ध रक्त?"

"तुमच्या आज्या फार लांबून लांबून आल्यात. समुद्रापलीकडूनसुद्धा."

दोष नसलेला मुलगा कोण, ते ती सांगेना. ज्याचा कागद त्यानंच दाखवायचा, म्हणाली. पण 'दोष नाही' असं लिहिलेला धाहीचा कागद सुवैदनं तंबूच्या खांबाला टांगलाच होता.

वाधाची सोयरीक घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्यानं कॉफी ठेवली, सावकाश कुटून.

"हिझामभाई, घराणं तुमचं मोठं," तो म्हणाला. "पण दोष आहे म्हणतात. मला विचार करावा लागेल."

याच माणसाला मी लग्नांत मागच्या चटईवर बसवत असे. मला राग यायला हवा होता. पण मला गानिम आठवला.

"माझ्या नातवाला दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवतात," मी म्हणालो. "कुणाचं, ते आम्ही कधी विचारलं नाही."

सुवैदनं माझा पेला भरला.

"मुलगी करू. पण लग्नात आजोबा नकोत. ऐकून कान किटले. या वेळी आज्या म्हणा."

लग्नाच्या दिवशी मी छाती काढून उभा राहिलो.

"वाधाची आई हुस्ना. वाधाची आजी शम्मा. वाधाची पणजी उम्म फराज."

"उम्म फराज म्हणजे फराजची आई," सुवैद म्हणाला. "फराज तुमचे वडील. बाईचं नाव काय?"

मला येईना. मी बाविसाव्या आजोबांपर्यंत धावत जाऊन आलो, तरी येईना. ज्या आजीच्या मांडीवर मी मोठा झालो, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

बायका बसल्या होत्या तिकडून माझी बायको बोलली. शेवटी ती तिचीही आजीच.

"झाना. मीठ विकणाऱ्या परक्या काफिल्यातली. तापानं पडली म्हणून तिला इथेच टाकून गेले. पहिला घोट पाणी तिला लोहाराच्या घरानं दिलं."

मी खाली बसलो. कुठे बसलो ते नंतर कळलं. मागच्या चटईवर.

मग हुस्नाच्या शेजारची बाई आपल्या आजीचं नाव सांगू लागली, मग तिच्या पलीकडची. जेवण थंड झालं, तरी कुणी उठेना.

तात्पर्य : कुळाचा अभिमान शाबूत ठेवायचा असेल, तर आजीची चौकशी करू नये. आणि करायचीच झाली, तर बायको जवळ नसताना करावी.