हॉर्नमामांचा एचसीव्ही

कंपनीच्या वार्षिक तपासणीत ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला, तेव्हा हॉर्नमामांनी अख्ख्या डेपोला चहा पाजला. मालवाहतुकीच्या धंद्यात एचसीव्ही म्हणजे हेवी कमर्शियल व्हेइकल, अवजड वाहन. मामांचं अवजड वाहनाचं लायसन्स नऊ वर्षं खिशात पडून होतं आणि चालवायला मिळत होता टेम्पो. “आता रक्तातच निघालं म्हटल्यावर कोण काय बोलणार?” मामा म्हणाले. हे ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं होतं. सुपरवायझरने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि नव्या ट्रेलरची चावी त्यांच्या हातावर ठेवली.

मामींना मात्र बोटभर नळीतल्या रक्तात ट्रक कसा सापडतो ते कळेना. शिवाय रिपोर्टच्या तळाशी ‘तज्ज्ञांना दाखवा’ असंही छापलं होतं. त्यांनी मामांना ओढतच दवाखान्यात नेलं.

“हिपॅटायटिस सी व्हायरस, त्याची ही आद्याक्षरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यकृताला सूज आणणारा विषाणू.”

मामांनी खिशातली ट्रेलरची चावी चाचपली.

“बरं होतं का हे?” मामींनी विचारलं.

“बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. बारा आठवडे गोळी घ्यायची. ओडी.”

“ओडी?” मामा दचकले. “आमच्यात ओडी म्हणजे ओव्हर डायमेन्शन. रस्त्यात न मावणारा माल. एवढी मोठी गोळी?”

“ओडी म्हणजे दिवसातून एकदा,” बाई हसू दाबत म्हणाल्या. “आधी ही एलएफटी करून या.”

चिठ्ठीवरची तीन अक्षरं ‘लेफ्ट’ अशी वाचून मामांनी दारातून बाहेर पडताच डावीकडे वळण मारलं. दहा मिनिटांनी बाळंतिणींच्या वॉर्डातून एका आजीबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. एलएफटी ही यकृताची तपासणी असते, हे तोवर त्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळांनाही कळलं होतं.

घरी मेहुणा वाट बघत होता. “दाजी, डेपोत अवाक्षर काढू नका. ट्रेलर जाईल हातचा.”

“मी काय डिझेल चोरलंय?” मामा गरजले. “नऊ वर्षं वाट बघितली त्या चावीची. जायची असेल तर माझ्या तोंडावर सांगून जाऊ दे.” भीती त्यांनाही वाटत होती. पण भीती वाटली की मामांचा आवाज आणखी चढायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरपुढे डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. गाडी चालवायला हरकत नाही, हात लावल्याने, सोबत जेवल्याने किंवा एका पेल्याने हा आजार पसरत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सुपरवायझरने चावी काढून घेतली नाही, पण चहाचा एक पेला वेगळा काढून त्यावर लाल रंगात ‘एचसीव्ही’ असं लिहिलं.

“आपली एक काळजी, मामा. राग मानू नका.”

“एवढं बारीक कशाला?” मामांनी ब्रश घेतला आणि पेलाभर अक्षरं रंगवली. “लाज मला नाही, तर पेल्याला कशाला?”

झालं भलतंच. दुपारी आलेल्या ट्रेलरवाल्यांनी पेला पाहिला, हा हेवीवाल्यांचा मान आहे असं समजले आणि पाळीपाळीने त्यातून चहा प्यायले. टेम्पोवाले रुसले. सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक पडला. मग मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी सर्वांसमोर वाचून दाखवली, ती फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही पाठ झाली.

बारा आठवडे मामांनी गोळी चुकवली नाही. आणखी बारा आठवड्यांनी शेवटची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला: ‘एचसीव्ही नॉट डिटेक्टेड.’ मामी त्या कागदाकडे बघून रडल्या. मामांनी अभिमानाने एक प्रत मुख्य कार्यालयाला धाडली.

चार दिवसांत उत्तर आलं. ‘सदर चालकाकडे एचसीव्ही आढळून आले नाही. त्यास ताबडतोब टेम्पोवर पाठवावे.’

मामांनी ट्रेलरची चावी मुठीत आवळली. “आजार होता तेव्हा बसवलं, बरा झालो तर उतरवता? नाही देणार. लिहा त्यांना, साहेब. आणि आद्याक्षरं नकोत, एकही शब्द तोडायचा नाही.”

सुपरवायझरने कागद ओढला आणि लिहिलं, ‘आढळला नाही तो यकृताचा विषाणू. अवजड वाहनाचे लायसन्स चालकाच्या खिशात असून ते मी स्वतः पाहिले आहे.’ सही केली. थोडा थांबला आणि खाली ‘ता. क.’ असं लिहू लागला.

“हा आता कुठला आजार?” मामांनी विचारलं.

“ताजा कलम, मामा.”

“मग पूर्ण लिहा.”

त्याने खोडून पूर्ण लिहिलं. ‘ताजा कलम: चालकाचा पेला वेगळा काढला होता, ती माझी चूक. सध्या मीही त्यातूनच चहा घेतो.’