शाळेची सोयरीक

साहेब, सरळ आरोप करतो: हे सगळं तुमच्यामुळं झालं. तुम्ही कोणत्या खुर्चीत बसता ते मला ठाऊक नाही, ती खुर्ची फिरती आहे एवढंच कळतं. पण शाळा आणि कुटुंब यांचं नातं घट्ट झाल्याशिवाय लेकरू शिकत नाही, हे थोर सत्य परिपत्रकात तुम्हीच लिहिलंत. आणि ते नातं पंधरवड्यात घट्ट करून फोटो पाठवा, असंही तुम्हीच लिहिलंत. पंधरवड्यात नातं जोडायचं म्हटल्यावर सेनगाव तालुक्यातल्या माणसाला एकच रीत येते. ती त्यानं वापरली. यात त्याची काय चूक?

साखऱ्याच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. त्या शाळेचे हेडमास्तर विश्वजीत सर यांनी परिपत्रक वाचलं, उलटं करून मागं काही खर्चाची तरतूद आहे का बघितलं (नव्हती), आणि गावात निरोप धाडला: शाळा आणि गावाची सोयरीक करायची ठरलीय. शाळा नवरीकडची, पालक नवऱ्याकडचे.

गाव हरखून गेलं. ज्यांनी आजवर शाळेत पाऊल टाकलं ते हात जोडून, मान खाली घालून, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी बसायला खुर्ची देणार होतं. दुसऱ्या दिवशी तर काही बाप शाळेपुढं मिशा पिळत उभे राहिले आणि "आमच्या चहाला एवढा वेळ काहून?" म्हणून विचारू लागले.

चतुराबाईला मात्र चहा नको होता. तिला पोरीच्या वर्गावरच्या संपदा मॅडमशी दोन मिनिटं बोलायचं होतं.

तिची पोरगी राजनंदिनी तिसरीत, शेवटच्या बाकावर. प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'आकलन कमी'. नवरा सोनाजी म्हणाला, "डोकं न्हाई पोरीला. दिवाळी झाली की हळदीच्या वावरात घालू. तिथं आकलन लागत न्हाई." पण चतुराबाईला वेगळंच दिसत होतं. पोरगी तांदळातला बारीक खडा झटक्यात काढायची. सुईत दोरा ओवायची. आणि परवा पिंपळाखाली उभ्या असलेल्या सोनाजीला दुरून हाक मारून तिनं विचारलं होतं, "ओ मामा, आमचा बा दिसला का तुमाला?"

चतुराबाई तेव्हाच समजली. पोरीचं डोकं जाग्यावर आहे, डोळे अधू आहेत. पुढच्या बाकावर बसवा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडा, एवढंच मॅडमला सांगायचं होतं. मॅडम शेरा बदलतील, सोनाजी ऐकेल. मास्तरांचा शब्द तो ऐकतो, बायकोचा काही ऐकत नाही. (हा जिल्ह्याचा सर्वसाधारण नियम आहे.)

पहिली पायरी घर पाहण्याची. मॅडम घरी आल्या, पाटावर बसल्या, पोहे खाल्ले.

"मॅडम, पोरीचं जरा..."

"चतुराताई, हसा. फोटो घ्यायचाय."

हसून झालं. मग फोटो चढवायच्या ॲपला ठिकाण सापडेना. मॅडम मोबाइल उंच धरून पुढं आणि चतुराबाई मागं, अशा रेंज शोधत गल्लीभर फिरल्या आणि शेवटी भावसिंग सरपंचाच्या उकिरड्यावर चढल्या. तिथं शाळा आणि कुटुंबाचं नातं उत्तम आलं. फक्त मागं म्हैस आली, तिची पालक म्हणून नोंद झाली.

दुसरी पायरी याद्यांची. कुणी कुणाला काय द्यायचं ते ठरलं. बापांना टावेल-टोपी, आयांना खण-नारळ, सरपंचाला फेटा. लेकरांना काय, हा मुद्दा वेळेअभावी राहिला. चतुराबाई मध्येच उठली. "मॅडम, माझं एक..."

"इहीणबाई, तुमचा मान तुमाला भेटंल, दम धरा," शेजारीण नानीबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

नात्याची प्रगती मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती. पालकांचा सहभाग शंभर टक्क्यांच्या पुढं गेला, कारण शेजारच्या गावचे पाहुणेही आले. शाळेत शिक्षक दोन. एक मानपान समितीवर, एक मांडव समितीवर. बाकीचे सगळे वर्गात शिकवत होते. (बाकीचं कुणी नव्हतं.)

मग तो दिवस उगवला. शाळेपुढं मांडव पडला. पाहुण्यांना बसायला वर्गातले बाक बाहेर काढले आणि लेकरांना जमिनीवर बसवलं, त्यामुळं त्या दिवशी कुणीच शेवटच्या बाकावर राहिलं नाही. समतेचा हा प्रयोग अहवालात यायला हवा होता, तो राहिला. फळ्यावर आंब्याची पानं लावली. फळा तसाही रिकामाच होता. खिचडीवर बुंदी ठेवली. साहेब, तुमच्याकडचे एक साहेब जीपमधून आले, तेव्हा हलगी वाजली आणि हेडमास्तरांनी वेशीवर त्यांचे पाय धुतले. साहेबांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं.

अक्षता पडल्या. पंगत बसली. पत्रावळ्या मांडल्या. आणि तेवढ्यात चतुराबाई मांडवाच्या खांबाला पाठ लावून, पदर तोंडावर घेऊन बसली.

"काय झालं गं?" नानीबाईनं विचारलं.

"रुसले."

पंगत थबकली. वरमाय रुसली की ताट वाढत नाहीत, हा कायदा घटनेच्याही आधीचा आहे. हेडमास्तर धावत आले. वीस वर्षांच्या नोकरीत पालक रुसलेला त्यांनी पाहिला नव्हता. रुसायचा हक्क आजवर शाळेकडंच होता.

"इहीणबाई, लुगडं घ्या."

मान हलली नाही.

"तांब्याची घागर?"

न्हाई.

"माय, ऊठ ना!" बापमंडळी ओरडली. "बुंदी गार होऊन राहिली!"

जीपवाले साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अहो, त्यांना काय पाहिजे ते तरी विचारा."

चतुराबाईनं पदर काढला. "पोरीला फळा दिसत न्हाई. तिला पुढच्या बाकावर बसवा अन डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. दुसरं कायबी नको."

गोंधळून हलगीवाल्यानं चुकून एक टिपरू मारलं. अशी मागणी सोयरिकीच्या इतिहासात कुणी केली नव्हती. हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, हा शैक्षणिक विषय आहे. आज भागीदारीचा कार्यक्रम आहे." शिवाय पुढचा बाक रिकामा नव्हता. त्यावर साहेब बसले होते.

पण साहेब मनानं मोठे. त्यांनी राजनंदिनीला जवळ बोलावलं आणि मांडवाच्या टोकाला लावलेल्या हातभर अक्षरांच्या बॅनरकडं बोट केलं. "बाळ, काय लिहिलंय तिथं?"

पोरीनं डोळे बारीक केले. मान वाकडी केली. मग विचारलं, "कुठं?"

साहेबांनी रुमाल काढला. "बघा, भारावून गेली पोरगी," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी आल्यावर कसं दिसणार?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात सोनाजीनं वाजवल्या. तिथल्या तिथं चतुराबाईला 'आदर्श सोयरी' जाहीर करून भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटो निघाला, आणि रुसवा मिटला असं समजून खिचडी वाढायला घेतली. कुणीतरी तिला हाताला धरून पंगतीत बसवलं. ती बसली. जेवली नाही.

घरी सोनाजीनं घड्याळ समोरच्या भिंतीला ठोकलं आणि खूश होऊन म्हणाला, "बराबर काम झालं. आता पोरीला हळदीला येळेवर उठवता यील."

राजनंदिनीनं भिंतीकडं बघून विचारलं, "बा, तिथं काय लावून राहिला?"

आता माझा सवाल. अहवालात लिहिलंय, 'पालक समाधानी'. ते असू द्या. त्या पोरीला फळा दिसतो का? व्हय का न्हाई, एका शब्दात कळवा.

आणि साहेब म्हणजे कोण, असं इकडं-तिकडं बघू नका, वाचणाऱ्यांनो. चतुराबाई खांबाला टेकून बसली तेव्हा तुम्हीही हसत होता, पुढं काय गंमत होते म्हणून. ताट तुमच्याही समोर होतं. तुमचं लेकरू कितव्या बाकावर बसतं? पुढच्या? मग त्याच्या मागं, अगदी शेवटी, कोण बसलंय?

नाव सांगा.