बाबाचा हिस्सा

भैय्यालालला बीपी निघालं हे गावाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. कळलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण डॉक्टर होतो. म्हणून तिरोड्याच्या नणंदेला फोनवर सांगताना त्याच्या बायकोने, रुख्मिणीने, दुखण्याचं नावच घेतलं नाही. आवाज मात्र नेहमीचाच ठेवला, म्हणजे चार घरं ऐकतील असा.

"चंदाबाई, डॉक्टरीन म्हणे, बाबाकडून आलं. वारशात! आता यायले भेटलं. कोणाले सांगू नोको, मायबाई!"

कुंपणापलीकडे धाकटा दीर दुधराम भाताच्या रोपांचे पऱ्हे उपटून पेंढ्या बांधत होता. उद्या दादाच्या भातखाचरात, बांधीत, रोवणी होती. त्याच्या हातातली पेंढी गळाली. बाबा गेले तेव्हा बैलांपासून धानाच्या ढोलीपर्यंत सगळं अर्धंअर्धं झालं होतं. मग हे कुठून निघालं?

लगेच तो मध्यस्थीला बकाराममामाला घेऊन दादाच्या ओसरीत हजर झाला.

"दादा, बाबाचं तुले भेटलं म्हणते. आधा माझा!"

भैय्यालालने बायकोकडे पाहिलं. बायकोने चुलीकडे पाहिलं.

"भेटलं बे. पण ते वाटाचं नसते."

"काऊन नसते? हिस्सा भेटल्याबिगर मी रोवणीले येत नाई. सुकू दे पऱ्हे!"

 पऱ्हे सुकले तर वर्ष गेलं, आणि भाऊ गेला तर मग काय उरलं?

मामा समजुतीने म्हणाला, "ठेवलं कुठी आहे, ते तरी सांग."

"अंगातच आहे."

"कमरेले बांधून फिरून राहिला का बे?"

"मामा, डॉक्टरीनबाईनं काढलं ते. तिलेच विचारू."

"मंग तिलेच मोजू दे!" दुधराम गरजला. वाटणीला तिऱ्हाईत माणूस बरा, असं मामालाही वाटलं.

चौघे दवाखान्यात गेले आणि भैय्यालालने आधी एकट्याने आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर नीतू हसू दाबत दुधरामच्या दंडाला पट्टा बांधू लागल्या.

"हे कायले?"

"तुमच्या वाट्याला किती आलं, ते बघू."

त्यांनी मोजलं. त्याला शांत बसवून पुन्हा मोजलं. आकडा दादापेक्षा जास्त होता.

"पाहा!" रुख्मिणीला राहवलं नाही. "सासऱ्यानं लहान्यालेच जास्त देल्लं!"

"बीपी आहे, दुधरामजी," डॉक्टर म्हणाल्या. "आईवडिलांकडून त्याचा धोका येतो, पण सगळ्या लेकरांना सारखा नाही येत. आता मीठ कमी, तंबाखूचा खर्रा बंद."

दुधरामने दंडावरचा पट्टा सोडवला. मग हळूच म्हणाला, "दादा, माझा हिस्सा तुयाच नावानं करून देतो."

"मोठा आहो म्हणून सारंच मी ठेवू का बे?" भैय्यालाल पोट धरून हसला. त्याला एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "चाल, पऱ्हे वाट पाहून राहिले."

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर दोघे भाऊ भाकरीचं फडकं सोडून बसले, तर चिखल तुडवत चंदा आली. भावांच्या बीपीचं ऐकल्या ऐकल्या तिनेही तिरोड्यात तपासून घेतलं होतं आणि तिचं सगळं ठीक निघालं होतं. ती रागाने लाल झाली होती.

"दोघायले देल्लं, अन् मले काहीच नाई? बाबाले पोरगी दिसलीच नाई का?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या वाट्याचं लोणचं तिच्यापुढे सरकवलं.