आकड्यांचे लाड

आमच्या बिबवेवाडीच्या लॅबमध्ये टेक्निशियन सहस्रबुद्धे अदबीनं बोलतात ते फक्त मशीनशी. "आपण आता सुरू व्हावं," असं रोज सकाळी त्याला सांगायचं आणि लगेच आमच्याकडे वळून खेकसायचं, "ए काउंटर, सॅम्पल आण!" काउंटर म्हणजे मी. पैसे घेते, रक्तही काढते. वर्षा नाव आहे मला, पण विचारतो कोण!

हृदयावर ताण आला की ते एका प्रथिनाचे बारीक तुकडे रक्तात सोडतं. मशीनमधली प्रतिपिंडं नेमके तेच तुकडे पकडतात आणि पडद्यावर आकडा येतो. काम सगळं मशीनचं. पण या गृहस्थांचा तोरा असा, की जणू आकडे यांनीच घडवलेत.

स्वारगेटच्या सेंटरवरून आलेल्या सॅम्पलमध्ये रक्तावरचं पिवळं पाणी जरा लालसर दिसलं की संपलंच. "हे रक्त आहे की कोकम सरबत? परत पाठव!" पेशंटला पुन्हा टोचावं लागतं, त्याचं यांना काय?

आकडा जास्त आला की नातेवाईक गयावया करतात, पुन्हा लावून बघा म्हणतात. वाघोलीहून एक मास्तर वडिलांचा रिपोर्ट घेऊन आले होते, डोळ्यांत पाणी. यांनी खिडकीतूनच ऐकवलं, "आकड्यांचे लाड होत नाहीत इथे. डॉक्टरांकडे जा." असा संताप आला मला! यांच्या बायकोची, सुधाकाकूंची, तेव्हा कीवच आली. या दगडाबरोबर कशा नांदतात, देव जाणे.

गेल्या महिन्यात सुधाकाकूच आल्या. पायांना सूज, जिना चढताना धाप. त्यांचं रक्त यांनी स्वतः काढलं, तेही "हात हलवू नकोस" असं खेकसून. आकडा आला तो भलताच मोठा. मी मनात म्हटलं, आता बघू लाड.

तर काय! साहेबांनी तेच सॅम्पल पुन्हा लावलं. आकडा तोच. मग काकूंना पुन्हा टोचलं. तरी तोच. मग प्रतिपिंडांच्या किटच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात. "किट खराब आहे. वाटेत तापलं असणार."

"अहो, सकाळी कंट्रोल बरोबर आला होता ना?" मी म्हटलं. ठरलेल्या आकड्याचा द्रव लावून मशीन रोज तपासतात, तो कंट्रोल.

"ते बाटलीतलं! माणसाचं रक्त नव्हे ते."

"मग आता कुणाचं लावायचं?" मी फणकारले.

त्यांनी बाही वर सारली. "काढ माझं. माझंही एवढंच आलं, तर किट खराब."

मी काढलं. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. या वेळी 'आपण' नाही की काही नाही, नुसते ओठ हलत होते. मला तर लाज सोडून वाटायला लागलं, येऊ दे बाबा, याचाही मोठा आकडा येऊ दे.

आकडा आला. ठणठणीत माणसाचा.

"नॉर्मल आलो गं मी," ते म्हणाले, आणि तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले.

बाहेरच्या बाकावरून काकूंचा आवाज आला, "अहो, झालं का? घरी जाऊन कुकर लावायचाय मला."

सहस्रबुद्धे उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"वर्षाताई," अगदी हळू म्हणाले, "तिला तुम्ही सांगाल का हो? मला नाही जमणार."