सिद्धाप्पांचं मत

सिद्धाप्पा कंपाउंडरांना नव्या चित्रपटाबद्दलचं मत विचारावं लागत नसे. तुम्ही पोटात कळ येऊन वाकलेले असा, नाहीतर तापानं कुडकुडत असा, मत आधी मिळायचं, औषध मागून.

"नोड्री मास्तर," ते माझ्या हातातली रिकामी बाटली ओढून घेत म्हणायचे. नोड्री म्हणजे बघा. घरात कानडी, दवाखान्यात मराठी आणि पेशंट तेलंगी असला तर दोन्ही हात, असा त्यांचा व्यवहार होता. "काल त्या राजाच्या चित्राला गेलतो. आपलं मत सांगतो. पटलं तर घ्या, न्हायतर बाटली परत करा."

मी सोलापुरात शाळेत मास्तर म्हणून नवा आलो होतो. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापानं धरलं आणि आठ-दहा दिवस त्या दवाखान्याच्या बाकावर काढले. डॉक्टर आत नाडी बघायचे आणि बाहेर सिद्धाप्पा चालायचे. चालायचे हेच खरं. या माणसाला मी कधी एका जागी उभं पाहिलं नाही. मिक्श्चर हलवताना खिडकीपर्यंत जायचे, बूच लावताना दारापर्यंत यायचे, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवायची ती चालताचालता. त्यामुळे माझ्या बाटलीवरचे सहा डोस कधी सारखे नसायचे. "चौथा जरा मोठा हाय, पण सहावा बारका हाय. पोटात गेल्यावर हिशेब बरोबर," असं म्हणायचे.

तर तो राजाचा मूकपट मीही पाहिला होता. त्यात म्हातारा राजा मरतो, राणी चितेवर कोसळते, पडद्यापुढं बसलेला पेटीवाला अशी काही करुण पेटी वाजवत होता की माझ्या शेजारचे गिरणीतले दोघं जॉबर, म्हणजे मुकादम, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"लई हसायचं चित्र."

"अहो, राजा मेला त्यात!"

"मेला की. तितंच तर लई हसू आलं."

पुढं लढाईचं एक चित्र आलं. सिद्धाप्पांचं मत, "बरं हाय, पण मधी झोप येती." मी मुद्दाम विचारलं, "शेवटी जिंकलं कोण?" ते दारापर्यंत जाऊन आले. "जिंकलं असंल कुणीतरी. लढाई म्हटल्यावर कुणीतरी जिंकतंच की ओ."

मला संशय यायला लागला की हा माणूस थेटरात जातो, पण चित्रपट बघत नाही. म्हणून एका रविवारी दुपारच्या खेळाला मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

बसलो म्हणजे मी बसलो. सिद्धाप्पा पहिल्या पाच मिनिटांत तीनदा उठले. एकदा बाकाला ढेकूण आहे म्हणून, एकदा पुढच्याचा फेटा आडवा येतो म्हणून, आणि तिसऱ्यांदा काहीच कारण न देता. मग भिंतीकडच्या खांबाला टेकून उभे राहिले. तिथून परत आले. बाकाच्या टोकाला अर्धे बसले, मान वळवली, पुन्हा उठले. मागून लोक ओरडत होते, "ए कंपाउंडर, खाली बस की! तुझं डोकं बघायला आलोय का आमी?" पडद्यावर वादळ सुटलं होतं, जहाज बुडत होतं आणि सिद्धाप्पांची पाठ जहाजाकडे होती.

त्या थेटरात बायकांची बाजू वेगळी होती. त्यांचं दार मागच्या बोळात होतं आणि मधे एक जाड कापडी पडदा होता. अंधार झाला की तो पडदा सरकवायचे, उजेड झाला की ओढायचे. माझ्या लक्षात आलं, सिद्धाप्पा बघत होते ते तिकडे. चित्राचा उजेड बायकांच्या तोंडांवर हलत होता आणि हा पन्नाशीचा, कपाळाला भस्म लावलेला माणूस खांबाआडून तिकडे टक लावून बघत होता. मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी दोन शब्द कमीच बोललो.

ते माझ्या एकट्याच्या लक्षात आलं नव्हतं. दोन-तीन रविवारांनंतरची गोष्ट. एक रीळ संपलं, दुसरं चढवायला दिवे लागले, पण बायकांकडचा पडदा ओढायच्या आत एक सुताचे व्यापारी बाकावरून उठले. त्यांच्या घरच्या बायका पलीकडे बसल्या होत्या.

"हा इसम दर खेपेला बायकांकडं बघत उभा असतो," ते सिद्धाप्पांचा दंड धरून ओरडले. "मी महिनाभर बघतोय. म्यानेजरला बोलवा! याला बाहेर काढा!"

चारी बाजूंनी लोक उठले. कुणी म्हणे मारा, कुणी म्हणे पोलिसात द्या. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं औषध घेतलं तेही उठले होते. सिद्धाप्पांच्या फेट्याचा सोगा सुटून खांद्यावर आला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला तो माणूस एक अक्षर बोलेना. खाली मान घालून उभा. मी मधे पडायला हवं होतं. मी बाकावरून उठलोही, पण काय सांगणार होतो? मलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या पहिल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळाला भस्म, वय पंचेचाळीसच्या आसपास. एवढा गोंधळ चालला होता, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं कुतूहल होतं.

"काय झालं ओ?" तिनं विचारलं. आवाज फार मोठा होता आणि सपाट, चढउतार नसलेला. सगळं थेटर गप्प झालं. "रीळ तुटलं का?"

सिद्धाप्पांनी मान वर केली. मोकळा हात उचलला. यंत्राच्या खिडकीकडे बोट दाखवलं, दोन बोटांनी कात्रीसारखं केलं, मग तळहात खालीवर हलवून सांगितलं, बस, आता होईल सुरू.

ती हसली आणि बसली.

व्यापाऱ्यांनी दंड सोडला. ते आपल्या जागी जाऊन बसले. लोकही बसले. मी सिद्धाप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी खांबापाशी आम्ही दोघं होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेलो, तर ते बाटल्या पुसत होते. चालत चालतच.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताप आला तिला," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "जीव वाचला, कान गेले. तवा मी औषधाच्या धंद्यातबी नव्हतो."

"कुणाला सांगितलं नाहीत कधी?"

"सांगितलं की लोक ओरडून बोलतात ओ मास्तर. तिला ऐकू येत न्हाय, पण ओरडणाऱ्याचं तोंड दिसतं की." त्यांनी एक पुसलेली बाटली पुन्हा पुसली. "घरात लई हसत न्हाय ती. तितं हसती. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या वक्ताला. मग मी चित्र कशाला बघू?"

"आणि तो मेलेला राजा?"

"त्याचं पोट खालीवर होत होतं म्हणं. सगळे रडालते, हिनं एकटीनं बघितलं. चार दिवस हसत होती."

म्हणजे ती सगळी मतं त्यांच्या बायकोची, नीलव्वाबाईंची होती.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत सोलापुरात बोलपट आला. गावाला वेड लागल्यासारखं झालं. गिरणीचा भोंगा झाला की लोक घरी न जाता थेट थेटराच्या रांगेत उभे राहायचे. पडद्यावरची बाई गाते म्हणजे काय गंमत आहे का? फक्त सिद्धाप्पा संतापले होते. "माणसं दिवसभर बोलतातच की! तितं तरी दोन तास गप बसा म्हणावं." पेशंटांना ते सांगायचे, बोलपटानं कान फुटतात, पित्त वाढतं. घरी त्यांनी सांगितलं होतं, थेटर दुरुस्तीला काढलंय. हे तीन आठवडे चाललं. मग नीलव्वाबाईंनी बाजारात थेटराच्या जाहिरातीचा टांगा बघितला आणि रविवारी स्वतःच लुगडं बदलून तयार होऊन बसल्या.

खेळ सुटल्यावर मी त्या दोघांबरोबरच चालत होतो. पडद्यावर आता मूकपटासारखा वाचायला मजकूर नव्हता. माणसं नुसती तोंडं हलवत होती. चौक आला. मग नीलव्वाबाई आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बायका एकदम हसायच्या. मी मागून हसले."

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. सिद्धाप्पांची चाल एवढी वाढली की आम्ही दोघं मागं पडलो.

सोमवारी माझी बाटली भरताना म्हणाले, "मास्तर, तुमची याददाष्ट कशी हाय?"

त्या आठवड्यात आम्ही तोच बोलपट तीनदा पाहिला. "बायकांचं बोलणं तुमी ध्यानात ठेवा, बाप्यांचं मी ठेवतो," अशी वाटणी ठरली होती. सिद्धाप्पा तिन्ही वेळा मांडीवर हात ठेवून, ओठ हलवत, पुतळ्यासारखे बसले. मागच्या माणसानं वाकून विचारलंसुद्धा, "कंपाउंडर, बरं न्हाय का?"

रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दही असं जेवण झालं. मग त्यांनी मधलं घोंगडं उचललं, नीलव्वाबाईंना भिंतीला टेकून बसवलं आणि खेळ सुरू केला. बाप, नायक, सावकार आणि पोलीस ते एकटेच होते. हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. नायिका मी होतो. पंचवीस मुलांच्या वर्गात कुणाला कधी हसू न दिलेला मी, उपरण्याचा पदर घेऊन उभा होतो.

"असं न्हवं," नीलव्वाबाई म्हणाल्या. "तिनं आधी खिडकीकडं बघितलं. मग पदर घेतला."

मी खिडकीकडे बघितलं, मग पदर घेतला. चित्र त्यांना सगळं पाठ होतं. आम्ही फक्त शब्द आणले होते. सावकाराच्या फजितीवर त्या एवढ्या हसल्या की शेजारीण दारात डोकावून गेली.

मग गाणं आलं. मला प्रश्न पडला, आता याचं हे काय करणार? सिद्धाप्पा खाली बसले, नीलव्वाबाईंचा हात घेतला, सदऱ्याच्या गुंड्यांपाशी छातीवर दाबून धरला आणि गायला लागले. आवाज भसाडा, सूर कुठल्या कुठं. नीलव्वाबाईंनी डोळे मिटले होते. एक कडवं झालं, दुसरं झालं. मी माझा पदर हळूच काढून ठेवला.

तिसऱ्या कडव्याच्या आधी त्यांनी डोळे उघडले.

"गाणं बरं हाय," त्या म्हणाल्या. "पण जरा लांबलंय."

उरलेली दोन कडवी सिद्धाप्पांनी गाळली.